डोंबिवलीपर्यंत काचा बंद

गाडी गॅरेजला टाकायच्या आधी खारकरकाका तिच्या बॅटरीपासून सायलेन्सरपर्यंत सगळ्याला लाल नेलपॉलिशचे टिपके देत. मिस्त्रीने चांगला भाग काढून जुना बसवला तर पकडता यावा म्हणून. वर्तकनगरात आमच्या समोरच्या दारात राहणारा हा माणूस दूधवाल्यावर, इस्त्रीवाल्यावर आणि माझ्यावर अगदी सारखाच संशय घ्यायचा. "माणूस चांगलाय, पण खात्री काय?" एवढंच कौतुक त्यांच्याकडून कुणाच्याही वाट्याला येई.

दुबईहून परतलेल्या कुणाकडून त्यांनी जुनी जपानी गाडी घेतली होती. शिसं नसलेलं पेट्रोल तेव्हा नुकतंच मिळायला लागलं होतं. गाडी काळा धूर सोडू लागली आणि आत कच्च्या पेट्रोलचा वास भरू लागला. नेमकी घाई तेव्हाच होती. डोंबिवलीला दिलेली त्यांची मुलगी सुनंदा सात महिन्यांची गरोदर होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण काकू जाऊन दोन वर्षं झालेली. व्याही म्हणाले होते, "आईविना घरात कसं जमणार? शिवाय त्या वासाच्या गाडीतून ती येणार कशी?" पहिला प्रश्न काकांच्या हातातला नव्हता. म्हणून ते दुसऱ्याच्या मागे हात धुऊन लागले.

शीळफाट्याच्या म्हात्रे मिस्त्रीने निदान केलं, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. सायलेन्सरच्या नळीत बसवलेली ही बोटभर वस्तू धुरात प्राणवायू किती उरला ते बघते, आणि त्यावरून इंजिन पेट्रोलचं माप ठरवतं. शिशाच्या पेट्रोलने ती मेली होती. काकांनी महिनाभर हिंडून नवा सेन्सर मिळवला, टिपका दिला आणि बसवून घेतला.

आठ दिवसांनी वाकून बघतात तर टिपका गायब.

"बदलला रे त्याने," म्हणत त्यांनी मला गाडीत कोंबलं आणि शीळफाटा गाठला.

म्हात्रे हात पुसत शांतपणे ऐकत होता. "काका, ती नळी तव्यासारखी तापते. तिथं नेलपॉलिश राहील का?"

काकांना पटलं नव्हतं. नळी गार झाल्यावर त्यांनी सेन्सर काढायला लावला. म्हात्रेने तो पकडीत धरून टोक गॅसच्या ज्योतीत तापवलं. मी तारा लावल्या. मीटर काकांनी घरून आणला होता, कारण म्हात्रेच्या मीटरचा काय भरवसा. ज्योतीत प्राणवायू कमी, म्हणून तिथं धरला की आकडा चढायचा, बाहेर काढला की उतरायचा. तीनदा करून पाहिलं. सेन्सर नवाच होता आणि ठणठणीत होता.

"बसव परत," काका म्हात्रेला म्हणाले. माफी वगैरे मागितली नाही, फक्त चहा सांगितला. मग मला म्हणाले, "आता डोंबिवलीपर्यंत तू चालव. काचा बंद. मी मागे बसतो."

दर पाच मिनिटांनी मागून विचारणा, "वास येतोय?"

"नाही."

"नीट घे."

शेवटी मी वैतागलो. "काका, तुम्हीही आतच बसलायत ना? तुम्हाला येतोय का?"

काका बंद काचेकडे तोंड करून म्हणाले, "मला वास येतच नाही रे. एका तापात गेला, पंचवीस वर्षं झाली. दूध नासलं, गॅस सुटला, सगळं तुझी काकूच सांगायची. आता लोकांना विचारावं लागतं. आणि लोक काहीही सांगतात."

मला माझ्या वैतागाची लाज वाटली. मी गाडी थेट सुनंदाच्या दारात नेली.

ती सावकाश खाली आली, मागे बापाशेजारी बसली, दार लावून घेतलं आणि खोल श्वास घेतला.

"नाही येत वास, बाबा."

मी आरशातून बघत होतो. आता हे तिला दहादा विचारणार, अशी माझी खात्री होती. काकांनी एकदाही विचारलं नाही. "मग रविवारी बॅग भरून ठेव," म्हणाले, आणि तिचा हात हातात घेऊन बसून राहिले.