आज नको, मॅडम

गांगुर्डे कुठल्याच कामाला नाही म्हणत नसत. प्रिंटरमध्ये कागद अडकला, कॅमेरा आंधळा झाला, साहेब स्वतःचाच पासवर्ड विसरले, की गांगुर्डे हजर. पण एका कामाचं नुसतं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा दाढ काढायला बसवल्यासारखा व्हायचा. ते काम म्हणजे स्विचचं फर्मवेअर. उत्तर ठरलेलं, "आज नको, मॅडम."

अंबडला विजेचे पॅनल बनवणाऱ्या आमच्या कंपनीत मी प्रशासन बघते. माझं सगळं यादीवर चालतं. सकाळी लिहायचं, संध्याकाळी खोडायचं. या एका कामाची ओळ मात्र मी महिनोन्महिने एका पानावरून दुसऱ्या पानावर उचलून ठेवत होते.

काम तसं लहान. जिन्याखालच्या खोलीत नेटवर्कचे चार स्विच एकावर एक रचलेले आहेत, मागून केबलने एकमेकांना जोडलेले. कंपनीतले कॉम्प्युटर, फोन, कॅमेरे, दारावर अंगठा लावायचं यंत्र, सगळं त्यांच्यातून जातं. दिसायला चार, पण वागतात एकच असल्यासारखे. त्यामुळे आतला प्रोग्राम, म्हणजेच ते फर्मवेअर, नवा करायचा, तर चौघांनाही एकदम बंद करून चालू करावं लागतं. ज्यांच्याकडून ते घेतले, ते म्हणायचे, दहा मिनिटांचं काम. गांगुर्डे म्हणायचे, "चौघं एकदम झोपतात, मॅडम. उठताना एखादा उठत नाही."

त्यांच्या सबबी ऐकण्यासारख्या असत. आज माल जायचाय. आज लाइटचा भरवसा नाही. आज अमावास्या आहे. एकदा म्हणाले, "आज गोदावरीला पूर आलाय."

"त्याचा स्विचशी काय संबंध?"

"संबंध नाही. पण मन लागत नाही."

रविवारी करा म्हटलं, तर म्हणत, रविवारी तर नकोच.

दुसरा त्यांचा छंद म्हणजे टेबलावरचा फोन. मोबाइल खिशात असायचा, पण जीव त्या काळ्या डबड्यात. चहाला टपरीवर येत नसत. जेवायलाही उठत नसत, डबा फोनशेजारीच उघडायचा. फोन दिवसातून कितीदा तरी वाजे, आणि पहिल्याच घंटीला उचलून ते हळू आवाजात म्हणत, "हो, जेवलो." सकाळी आल्या आल्या "हो, जेवलो." चारच्या चहाला "हो, जेवलो."

अकाउंट्सच्या पवारबाई सगळ्यांसमोर विचारायच्या, "गांगुर्डे, किती वेळा जेवता हो? अंगाला तर लागत नाही!" पन्नाशीचे, बिनलग्नाचे गांगुर्डे लाजून हसायचे. मग बाई आमच्याकडे वळून म्हणायच्या, "कुणीतरी आहे बरं का." प्रत्यक्ष कुणी काही विचारलं नाही. चेष्टा इतकी छान चालली होती, की विचारायची गरज वाटली नाही.

शेवटी एका मोठ्या गिऱ्हाइकाचे लोक तपासणीला येणार असं ठरलं. जुना प्रोग्राम चालणार नव्हता. मालकांनी तारीख दिली आणि गांगुर्डेंच्या सगळ्या अमावास्या संपल्या. त्या दुपारी त्यांनी आधी दार लोटून फोन केला. बाहेर ऐकू येत होतं, "थोडा वेळ फोन लागणार नाही. मी इथंच आहे. अगं, इथंच आहे." मग ते जिन्याखाली गेले आणि सगळी कंपनी गप्प झाली.

दहा मिनिटं झाली. तीन स्विच उठले, चौथा उठेना. त्याचा प्रोग्राम वेगळाच राहिला होता, त्यामुळे बाकीचे त्याला आपल्यात घेईनात. गांगुर्डेंनी पुन्हा सगळे बंद केले. पवारबाईंनी पिशवीतून विणकाम काढलं. गांगुर्डेंच्या शर्टाची पाठ भिजली होती, आणि ते स्विचकडे कमी आणि जिन्यावरच्या घड्याळाकडे जास्त बघत होते.

तेवढ्यात गेटवरचे शेखचाचा धापा टाकत आले. इंटरकॉमही बंद, म्हणून स्वतः धावले होते.

"मॅडम, एक आजी आल्यात. नुसतं रमेश, रमेश करतायत. रिक्षावाला म्हणतो, तीन गेटं फिरून इथं आणलं."

आमच्याकडे रमेश कोण, ते मला चटकन आठवेना. गांगुर्डे मात्र हातातली केबल टाकून पळाले.

गेटवर त्यांची आई उभी होती. घरातलं विटलेलं पातळ, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात मुलाची. सिडकोतल्या घराला कुलूपसुद्धा न लावता आली होती.

"फोन का उचलंना तू? मला वाटलं..." मुलाच्या दंडावरून तिने हात फिरवला. "जेवला का रे?"

"हो, जेवलो."

"मग ठीक हाय," म्हणून ती परत रिक्षात बसायला निघाली.

गांगुर्डे तिला धरून मला म्हणाले, "टेबलाचा नंबर तेवढा पाठ आहे तिला, मॅडम. मोबाइलचा राहत नाही. आधी सांगून ठेवलं तरी विसरते. फोन लागला नाही, की मला काहीतरी झालंय असं समजून शोधायला निघते." पवारबाई मागे येऊन उभ्या होत्या. विणकाम त्यांच्या हातात तसंच होतं.

त्या दिवशी आजींना घरी सोडून आल्यावर गांगुर्डेंनी चौथा स्विच उठवला. पुढे पुन्हा कधी मालकांनी फर्मवेअरचं विचारलं, तर मीच सांगायचे, "आज नको, सर." सबबी मला गांगुर्डेंइतक्या सुचत नसत.

आजी थंडीत गेल्या. दिवस उरकून गांगुर्डे कामावर आले, डोक्यावर टोपी घालून. काळा फोन मुकाट पडून असायचा. कुणी तिकडे बघायचं नाही.

मग पुन्हा नव्या फर्मवेअरची सूचना आली. मी म्हटलं, "घाई नाही हो. पुढच्या महिन्यात बघू."

"कशाला?" ते म्हणाले. "आजच करून टाकू, मॅडम. कधीही चालेल आता."

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी चौघांना एकदम बंद केलं. चारही वेळेवर उठले. स्विच उठल्यावर एक फोन लावून बघायचा, हे माझ्या यादीतलं शेवटचं काम असतं. मी माझ्या टेबलावरून त्यांचा नंबर फिरवला. काचेपलीकडे ते मला दिसत होते. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला, पण हॅलो म्हणाले नाहीत.

फोन लागतोय, एवढंच सांगून ठेवायचं होतं. मी विचारलं, "जेवलात का?"

डबा फोनशेजारी होता, झाकण लावलेलाच.

"हो," ते म्हणाले, "जेवलो."