दाराच्या कुठल्या बाजूला?

मल्टी टूलच्या खोक्यात चौसष्ट पानांची सुरक्षा पुस्तिका कोंबणाऱ्या शहाण्यांनो, ऑस्ट्रेलियातल्या रॉकहॅम्प्टनच्या नेव्हिल टकवेलला त्याच्याच संडासात कोंडलंत ते तुम्ही! दुसरं कुणी नाही!

हे यंत्र मुठीत मावतं. पातं गरगर फिरत नाही, म्हाताऱ्याच्या कवळीसारखं नुसतं थरथरतं. पण दाराच्या चौकटीचा पाय अशा सफाईने कापतं, की जमिनीची नवी फळी खाली अलगद सरकते.

नेव्हिलला घाई होती. सासूबाई मेव्हिस खुब्याचं ऑपरेशन करून चार वाजता घरी येणार होत्या. संडासाची जमीन पॅसेजपेक्षा दोन बोटं खोल, वॉकर अडकणार; म्हणून नव्या फळ्या टाकून ती वर आणायची. "एकटीला संडासला जाता आलं नाही, तर मी तुमच्याकडे राहणार नाही!" बाईंनी आधीच ठणकावलं होतं.

"डेसला बोलवूया," बायको लॉरेन म्हणाली. डेस तिचा भाऊ. सुतार.

"सुतार कशाला? चाळीस वर्षं पार्किंगच्या दंडाच्या पावत्या फाडल्यात मी! नियम पाळणाऱ्याचं कधी वाकडं होत नाही."

आणि पाळले हो त्याने! डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क, कानांवर आवाज अडवणारी वाट्यांएवढी डबडी, पायात लोखंडी टोकाचे बूट.

"चंद्रावर निघालायस की संडासात?" लॉरेनने विचारलं. डबड्यांमुळे त्याला ऐकूच आलं नाही.

चौकट झकास कापली. पान चौदा: काम होताच बॅटरी काढून यंत्रापासून दूर ठेवावी. ठेवली! पॅसेजमधल्या कपाटात. परत आत आला, दार लावलं, शेवटच्या फळीला गोंद फासला आणि चौकटीखाली ठोकून बसवली. नखही शिरणार नाही अशी!

मग त्याने दार आत ओढलं. हलेना. पुन्हा ओढलं. कडी हातात आली! जमीन दोन बोटं वर आली होती, दार होतं तिथेच होतं. आत उघडणारं दार नव्या फळीच्या कडेला पाय अडवून बसलं.

बाहेर वॉकरची टकटक. "आत कोण आहे?"

डबडी कानांवर. नेव्हिल दार ओढतोच आहे.

"जावईबापू, पोट बिघडलंय का? मला घाई आहे हो!"

शेवटी लॉरेनने दारावर लाथ घातली, तेव्हा आतून आवाज आला, "बॅटरी दे! कपाटात आहे! दार खालून कापतो!"

द्यायची कुठून? घर उतारावर, मागची बाजू खांबांवर, संडासाची खिडकी दोन पुरुष उंच. लॉरेन अंगणात जाऊन नेम धरू लागली.

"फेकू नकोस!" नेव्हिल किंचाळला. "पान नऊ! बॅटरी आपटली तर पेट घेते!"

"आणि मी फुटले तर कुठलं पान?" वरून मेव्हिसबाई ओरडल्या. उत्तराची वाट न पाहता वॉकर ढकलत त्या शेजारच्या ग्लेनिसकडे गेल्या.

लॉरेनने फोन केला, डेस आला. अर्धी चड्डी, रबरी चपला, कानामागे पेन्सिल.

"काय रे नेव्ह, मुक्काम किती दिवसांचा?"

"चष्मा घाल, डेस! पान तीन!"

"तू गप बस, नाहीतर मी चहा पिऊन येतो."

त्याने स्वतःचं यंत्र लावून दार खालून कापलं. वीस मिनिटं! दार उघडलं. आतून भुशाने माखलेला नेव्हिल निघाला. छातीशी पुस्तिका.

जमीन आजही आरशासारखी सपाट आहे. वॉकर लोण्यावरून जावा तसा जाईल. पण जाणार कुणाचा? मेव्हिसबाई नऊ दिवस झाले ग्लेनिसकडेच आहेत. तिच्या संडासाचं दार बाहेर उघडतं.

तेव्हा शहाण्यांनो, आता बोला. चष्मा लिहिलात, बूट लिहिलेत, यंत्र आंघोळीला नेऊ नये हेसुद्धा लिहिलंत! शेवटची फळी ठोकताना माणसाने दाराच्या कुठल्या बाजूला असावं, हे कुठल्या पानावर आहे? नेव्हिलने चौसष्टच्या चौसष्ट पानं तीनदा वाचलीत. सासूबाईंना सांगायला त्याला उत्तर हवंय. पान क्रमांक सांगा!