घाटाच्या गाडीस हवा-पेट्रोलाचें प्रमाण बांधिल्याची हकीकत

श्री अग्नि आणि वायु उभयतां प्रसन्न असोत, चढणारास वाट आणि ऐकणारास स्वस्थता लाभो. शके १९४४, शुभकृतनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयीं एक राज्य घाटाच्या पायथ्याशीं नांदत होतें, आणि थोरलें इस्पितळ घाटमाथ्यापलीकडे होतें, आणि रोग्यांस वाहून नेणारी गाडी राज्यांत एकच होती. तिचें इंजिन सुभानजी मिस्त्री राखीत, आणि त्यांची भाची तुळजाबाई ती हांकीत असे. गेल्या उन्हाळ्यांत दिवाण विसाजीपंत यांणीं पेट्रोल वांचवावें ऐसा आग्रह धरिला, आणि सुभानजींनीं तो मानून इंजिनाच्या संगणकांत सपाटीस आणि चढासही सर्वत्र हवा जास्त, पेट्रोल कमी ऐसें प्रमाण बांधिलें. मग सपाटीस वाहवा जाहली. परंतु भरली गाडी घाट चढों लागतां इंजिन अतोनात तापलें आणि पिस्टन वितळला, आणि आंतील रोग्यास लोकांनीं खांद्यावर घेऊन माथां पोंचविलें. रोगी वांचला, परंतु सुभानजींनीं धास्ती घेतली. नवा पिस्टन बसवून त्यांणीं सर्वत्र पेट्रोल उदंड सोडिलें. मग गाडी काळा धूर ओकूं लागली, प्लग काजळीनें भरले, आणि एके सकाळीं ती दारांतून हालेना.

तेव्हां तुळजाबाई मामांपाशीं बसून बोलली, “मामा, तुम्ही एकदां दिवाणांस भ्यालां, आतां घाटास भितां. मी सपाटीस जैसी हांकितें, तैसी चढास हांकीत नाहीं. मग इंजिनास एकच जेवण कां?”

सुभानजींनीं उठून प्लग बदलिले, आणि संगणकांत नवें कोष्टक मांडिलें: गाडी उभी असतां व सपाटीस चालतां एक भार पेट्रोलास हवा पावणेपंधरा भार, आणि चढास वेगाचा पायटा पुरता दाबिला असतां हवा साडेबाराच, कारण जास्तीचें पेट्रोल आंतील आंच शमवितें. परंतु कोष्टकांत मागितलें तें इंजिनास पोंचतेंच ऐसें नाहीं, म्हणोन धुराच्या नळींत खरें प्रमाण आंकड्यानें दाखविणारा सेन्सर बसविला, आणि मामा-भाची रिकामी गाडी वाळूच्या गोणींनीं भरून घाटास निघालीं. पहिल्या मोठ्या चढास तिणें पायटा दाबिला, तों मागितलें साडेबारा आणि धुरांत दिसे चौदा. सुभानजींनीं लागलाच तिचा पाय काढविला. गाडी कडेस लावून, पेट्रोल किती सुटतें तें सुधारून, पुन्हा चढविली. ऐसें करितां करितां मागितलेला आंकडा आणि दिसणारा आंकडा एक जाहले, आणि पेट्रोल अवेळीं पेटल्याचा ठोका इंजिनांतून ऐकूं आला नाहीं. तरी सुभानजींस हंसूं आलें नाहीं.

दुसरेच दिवशीं सकाळीं राज्याचे धनी सरकार यांच्या मातोश्री आईसाहेब यांस श्वास लागला. सरकारांनीं सुभानजींस पुसिलें, इंजिन टिकेल काय. दिवाणजी शेजारच्या राज्याची गाडी मागवूं म्हणत होते, परंतु ती यावयास दुपार जाहली असती. सुभानजी म्हणाले, “टिकेल, सरकार. आणि मी तिच्यांत बसेन.”

मग आईसाहेबांस प्राणवायूची नळी लावून निघाले. निम्म्या घाटांत ट्रक आडवे आले, तेथें गाडी उभी राहिली आणि धूर स्वच्छ निघत राहिला. वाट मोकळी होतां तुळजाबाईनें मामांकडे पाहिलें. मामांनीं मान हालविली, आणि तिणें पायटा पुरता दाबिला. गाडी पुऱ्या जोरानें चढूं लागली, आंकडा साडेबारावर स्थिर राहिला, आणि सुभानजी श्वास धरून आंकड्याकडे पाहात राहिले. आईसाहेबांनीं नळी बाजूस सारून म्हटलें, “मिस्त्री, श्वास मला लागला आहे, तुम्ही तरी घ्या.” मग त्यांणीं घेतला.

माथा आला, सपाटी लागली, आंकडा आपणहून पावणेपंधरावर आला, आणि इस्पितळाचें दार दिसलें. वैद्यांनीं आईसाहेबांस आंत नेलें, आणि कांहीं वेळानें बाहेर येऊन वेळेवर आणिलें ऐसें सांगितलें. तेव्हां सुभानजी गाडीच्या पायरीवर बसले, आणि डोळ्यांस तेलकट फडकें लावूं लागले, तें तुळजाबाईनें हातांतून काढून घेतलें आणि आपला रुमाल दिला.

एवंच, आईसाहेब आठां दिवसांत घरीं आल्या, दिवाणजींनीं पेट्रोलाचा विषय पुन्हा काढिला नाहीं, आणि सुभानजी त्या रात्रीं गाढ निजले. हकीकत येथें पूर्ण जाहली.