रिकाम्या वर्गाची हजेरी

आमच्या औषधशास्त्राच्या वर्गात एक मुलगी रोज तासाला येऊन बसू लागली. प्रकरण चिघळलं ते तिथून.

तोवर सगळं सुरळीत होतं. आमच्या कॉलेजची एक जुनी, सुटसुटीत पद्धत होती. तासाला कुणीच आलं नाही, तर गैरहजर तरी कुणाला धरणार? म्हणून सगळेच हजर. सर दारातूनच रिकाम्या बाकांवर नजर टाकायचे, 'शिकवून झाले' असा शेरा मारायचे आणि कँटीनला यायचे. तिथे आम्ही असायचोच. वर्गप्रतिनिधी या नात्यानं मला या एकीचा सार्थ अभिमान होता. आजही आहे.

तिचं नाव आम्ही 'हजरबाई' ठेवलं. ती एकटी वर्गात बसली की बाकीचे आपोआप गैरहजर ठरायचे, आणि वर सरांना शिकवावं लागायचं. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, लहान मुलाच्या औषधाची मात्रा वजनावरून कशी काढायची? सरांना दरदरून घाम फुटला. सज्जन माणूस. एवढ्या वर्षांच्या नोकरीत अशी वेळ त्यांच्यावर कुणी आणली नव्हती.

मी तिला समजवायला गेलो.

"अगं, तुझं काय जातंय कँटीनमध्ये बसायला? हजेरी तर मिळतेच आहे."

"माझ्या आईला एकदा दुकानदारानं भलत्याच मात्रेची गोळी दिली. महिनाभर अंथरुणात होती," ती म्हणाली. "मला हे नीट शिकायचंय. तुझ्या त्या हजेरीचं काय लोणचं घालू?"

आता घरच्या अडचणी कुणाला नसतात? पण म्हणून त्या घेऊन कुणी थेट वर्गात येतं का?

शेवटी विषय प्राचार्यांकडे गेला. त्यांनी चष्मा पुसला आणि निदान केलं की वर्गात प्रेरणेचं असमान वाटप झालेलं आहे. "साठ जणांची प्रेरणा या एकटीनं अडवून ठेवली आहे," ते म्हणाले. उपाय म्हणून तिची 'प्रेरणादूत' या मानाच्या पदावर नेमणूक झाली. काम एकच. रोज तासाच्या वेळी सभागृहात 'उपस्थितीचे महत्त्व' या विषयावर भाषण द्यायचं.

सभागृहात अर्थातच चिटपाखरूही नसायचं. म्हणजे नियमानुसार श्रोते सगळे हजर. उपक्रमाला तुडुंब प्रतिसाद मिळत असल्याचं जाहीर झालं.

पोरगी मात्र हट्टी. भाषण आटोपलं की तिथल्याच फळ्यावर मात्रेची गणितं मांडत बसायची. एकदा तिनं सरांना जिन्यात गाठलं.

"सर, एवढं एक गणित बघता का?"

"हे तासाला विचारायचं असतं, बाळ."

"तासाला माझं भाषण असतं, सर."

"मग तुझीच प्रेरणा कमी पडतेय," असं म्हणून सर कँटीनकडे वळले.

वर्षाच्या शेवटी तिला परीक्षेला बसू दिलं नाही. कारण अगदी साधं होतं. ती रोज सभागृहात असल्याचं कॉलेजला माहीत होतं, तेव्हा ती वर्गात नव्हती हे उघडच होतं. आम्ही कुठे होतो हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून आम्ही वर्गात होतो.

ती प्राचार्यांसमोर उभी राहिली. मला खरंच वाईट वाटलं, पण नियम तो नियम.

"सर, उद्या हे लोक औषधं देणार. चुकलं म्हणजे?"

"चुकलं तर पेशंट येऊन सांगेलच की," प्राचार्य शांतपणे म्हणाले. "आणि नाही आला, तर बरा झाला असं धरायचं."

आम्ही सगळे पास झालो. पेपर तपासणारेही आमच्याच कॉलेजात शिकलेले होते. हजरबाई पुढे कुठे गेली, कुणाला ठाऊक नाही.

माझं आता चौकात औषधांचं दुकान आहे. मात्रा अंदाजानंच सांगतो, पण ठणकावून सांगतो. आजवर एकही पेशंट तक्रार घेऊन परत आलेला नाही. तुम्हीही मागे आईसाठी गोळ्या नेल्या होत्यात, आठवतंय? त्यानंतर काही फिरकला नाहीत. म्हणजे आई ठणठणीत असणार.