जागेची अडचण

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सूर्यभान धर्माळेच्या घरातला फ्रिज गुरगुरला. घर म्हणजे अमरावतीतलं ते विटांचं नव्हे. त्या घरापुढच्या अंगणात सहा टायरांवर जे दुसरं घर उभं होतं, ते. शाळेची मोडीत निघालेली मिनीबस सूर्यभानने अकरा महिने घासूनपुसून राहण्याजोगी केली होती. आत दोन बाक जोडून केलेला पलंग, छोटा फ्रिज, पाण्याची मोटर, गॅसची शेगडी, धूर ओढणारा पंखा आणि या सगळ्यांना पोसणारा इन्व्हर्टर. मागच्या काचेखाली त्याने निळ्या ऑइलपेंटने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: 'जागेची अडचण नाही'.

ही ओळ उगीच आली नव्हती. दोन वर्षांपूर्वी सूर्यभान आणि आशाबाई पुण्याला मुलाकडे पंधरा दिवसांसाठी गेले आणि सहाव्या दिवशी परत आले. सूर्यभान पहाटे पाचला उठून खाकरतो, हॉलमध्ये बनियनवर बसतो आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला 'हिचं बेअरिंग चाललं' म्हणून सांगतो, हे सून रागिणीला झेपेना. तेव्हापासून येतो म्हटलं की कुलदीप फोनवर एकच सांगे, "बाबा, जागेची अडचण आहे." दुसरा एखादा बाप असता तर काय ते समजून गप बसला असता. पण सूर्यभानने एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढलेली. कोणी बिघाड सांगितला की तो दुरुस्त करायचा, एवढंच त्याला ठाऊक. जागेची अडचण आहे ना, मग जागाच सोबत घेऊन जाऊ. आता येत्या रविवारी कुलदीपच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांती होती. त्याने तसं फोनवर सांगितलं होतं, आणि सांगितलं म्हणजे बोलावलं, असं सूर्यभानने धरलं. गुरुवारी सकाळी मिनीबस पुण्याला निघायची होती.

आणि आता हा आवाज. गुर्रर्र, जरा थांबून पुन्हा गुर्रर्र, असं आठ-दहा वेळा, मग चूप.

"अवं, आयकलं का?" सूर्यभान फ्रिजला कान लावून म्हणाला. "फ्रिज बोलला."

आशाबाई मुलासाठी बांधलेला पापडांचा डबा घेऊन दारात उभी होती. "बोलू द्या. घरात कोणीतरी बोललं पाहिजे," ती म्हणाली आणि डबा आत सरकवून निघून गेली.

सूर्यभानच्या कानांना डेपोत मान होता. गाडी फाटकातून आत शिरत असतानाच तो चहाचा कप न ठेवता सांगायचा, मागचं डावं चाक, ड्रम आवळला. आणि तसंच निघायचं. त्या कानांना माणसांचं बोलणं मात्र कळत नाही, असं आशाबाईचं मत होतं. ते मत तिला चाळीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

शेजारच्या धर्मेंद्रला बोलावलं. बसची सगळी वायरिंग त्याच्याच हातची. त्याने फ्रिजच्या मागे टॉर्च मारला आणि डॉक्टरसारखं तोंड केलं.

"काका, कम्प्रेसर गेला याचा."

"जाणारा कम्प्रेसर सारखा रडते रे भैताडा. हा मोजून गुरगुरून राहिला."

"मंग तुमीच पाहा. मले कायले बलावलं?"

फ्रिज बंद करून ठेवला. सव्वा वाजता बंद फ्रिजच्या बाजूने तोच आवाज आला. धर्मेंद्र म्हणाला, मग पाण्याची मोटर असेल, पाइपात हवा धरली. मोटर खोलली. टाकीतलं सगळं पाणी गादीवर आलं आणि गादीखाली ठेवलेल्या कुरडयांचा चीक झाला. सहा वाजून चाळीस मिनिटांनी आवाज आलाच. पंखा उतरवला. मंगळवारी सकाळी इन्व्हर्टरच्या तारा सोडवल्या, त्यात सूर्यभानला एक झटका बसला आणि धर्मेंद्रला चार शिव्या. आवाजाने कशाचीच पर्वा केली नाही. दुखणं हल्याले, म्हणजे रेड्याला, अन् डाग त्याच्या पाठीवरच्या पखालीले म्हणतात, तसा दोन दिवस एकेका पखालीला डाग देणं चाललं होतं.

सूर्यभानने एका पुठ्ठ्यावर वेळा लिहून काढल्या. नऊ दहा, एक पंधरा, सहा चाळीस. मंगळवारीही त्याच.

"हे व्होल्टेजचं काम हाय काका," धर्मेंद्र पुठ्ठा पाहून म्हणाला. "नऊले नांदगाव पेठच्या गिरण्यांचं काम चढते, एकले जेवणाची सुट्टी, साडेसहाले पाळी बदलते. लाइन वर-खाली होते न बाप्पा."

सूर्यभानला हे पटलं. यात कोणाच्या तरी कामाच्या वेळा आहेत, एवढं त्याच्याही लक्षात आलं होतं.

मंगळवारी दुपारच्या आवाजाच्या वेळी आशाबाई बसमध्येच होती. फ्रिजला खेटून तिचे डबे रचलेले, ज्वारीचं पीठ, सांडगे, मिरची आणि सगळ्यात मोठा पत्र्याचा डबा तुरीच्या डाळीचा. गुर्रर्र झालं तशी तिने त्या डब्यावर हात ठेवला आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

"अवो, हा डाळीचा डबा मी घरात नेते."

"हात नको लावू. एक वस्तू हालली का आवाज जागा बदलते."

"घरातली डाळ सरली."

"मंग बेसन कर. अन् कुलदीपले फोन लाव, परवा निघतो म्हणा."

"फोन बिघडला म्हटलं न तुमाले. दुकानात टाकला," आशाबाई म्हणाली. घरात आता तो एकच फोन होता, तिचा बटनांचा. सूर्यभानचा स्वतःचा त्याने पंधरा दिवसांपूर्वी मिनीबस मागे घेताना तिच्याच चाकाखाली घेतला होता.

त्यानंतर सूर्यभान बसमधून हललाच नाही. जेवणही त्याने आतच मागवलं आणि आशाबाईला डाळीच्या डब्यापर्यंत पोचायला काही जागा उरली नाही.

बुधवारी त्याने शेवटचा उपाय काढला. अकोल्याला आशाबाईचा भाऊ शेषराव कूलर बनवायचा, फ्रिज दुरुस्त करायचा. मेव्हण्याला बिघाड दाखवणं म्हणजे सूर्यभानच्या दृष्टीने नाक कापून हातात देणं, पण गुरुवार दारात उभा होता. आशाबाई म्हणाली, "राहू द्या न. नाही जमत त नाही जाऊ पुण्याले. पोराले काय वाटते?"

"त्याले काय वाटणार? बाप आपलं घर घेऊन येते, त्याच्या घरातली फरशीसुद्धा मळत नाही. कोणता पोरगा नाही म्हणन?"

बस अकोल्याच्या रस्त्याला लागली आणि आशाबाई खिडकीबाहेर पाहत बसली. मूर्तिजापूरच्या अलीकडे नऊ वाजून दहा मिनिटं झाली आणि मागून गुर्रर्र आलं. नांदगाव पेठच्या गिरण्यांचं व्होल्टेज काही तिथवर येत नव्हतं. सूर्यभानने धर्मेंद्रला तोंडातल्या तोंडात एक ठेवणीतली शिवी दिली आणि ॲक्सिलरेटर दाबला.

शेषरावने मेव्हणे आपल्या दारी आले या आनंदात दुकानातली सगळी कामं बाजूला सारली. "भाऊजी, तुमी एसटी खोलल्या. ह्या नाजूक वस्तू हायेत. तुमी खुर्चीवर बसा," तो म्हणाला, आणि दुकानापुढे ताडपत्री अंथरून एकेक वस्तू बाहेर काढू लागला. फ्रिज आला, मोटर आली, शेगडी, पंखा, इन्व्हर्टर, शेवटी पलंगाच्या फळ्याही आल्या. मध्येच आशाबाई डाळीचा डबा पदराखाली घेऊन दुकानात शिरू लागली.

"बाई, तो भार तू कायले उचलते?" म्हणत शेषरावने तो तिच्या हातून घेतला आणि ताडपत्रीवर मधोमध ठेवला. एक वाजेपर्यंत सूर्यभानचा अकरा महिन्यांचा संसार अकोल्याच्या रस्त्यावर मांडून झाला होता. येणारे-जाणारे थांबून, विकायला काढलं का, म्हणून विचारत होते.

सव्वा वाजता आवाज आला.

फ्रिज दोन हात लांब होता. मोटर सुकली होती. इन्व्हर्टरला तार नव्हती. शेषराव वाकला, एकेका वस्तूजवळ कान नेत गेला आणि पत्र्याच्या डब्यापाशी थबकला.

"भाऊजी," तो गंभीरपणे म्हणाला, "तुमची डाळ बिघडली."

जमलेले लोक हसले. सूर्यभान उठला. त्याने डब्याचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात डाळीत घातला. आवाज थांबला. लगेच पुन्हा सुरू झाला आणि या वेळी तो थेट त्याच्या तळहातात थरथरला. रुमालात गुंडाळलेला आशाबाईचा फोन वर आला. त्यावर नाव होतं कुलदीप.

"काखेत कळसा अन् गावाले वळसा," शेषराव म्हणाला. मग त्याने बहिणीचं तोंड पाहिलं आणि तो जमलेल्या लोकांना पांगवू लागला.

घरात जे लपवायचं ते तुरीच्या डाळीत, ही आशाबाईची आईपासूनची रीत. फोन मुका कसा करायचा हे मात्र तिला रागिणीने शिकवलं होतं, मागच्या वेळी, घंटीने घरातल्यांची झोप मोडते म्हणून. मुका केलेला फोन थरथरतो, हे तिला मंगळवारपर्यंत ठाऊक नव्हतं. पुरता बंद केला असता तर पोराने शेजारी फोन करून बापाला गाठलं असतं. पुठ्ठ्यावरच्या तिन्ही वेळा कुलदीपच्याच होत्या: कामावर जाताना, जेवणाच्या सुट्टीत आणि सुटल्यावर.

"उचलू नका," ती म्हणाली.

सूर्यभानने उचलला.

"आई, किती फोन करायचे गं?" पलीकडून कुलदीप घाईने बोलत होता. त्याच्या बोलण्यात आता वऱ्हाड औषधालाही उरलं नव्हतं. "रविवारी सांगितलं ना तुला, बाबांना समजाव म्हणून? ती बस घेऊन येऊ नका. रागिणीकडचे सगळे येणार आहेत, त्यांच्यासमोर मी काय सांगू, आमचे बाबा खाली बसमध्ये राहतात? आणि बसचं सोड, तसंही नको. बाबा चार माणसांत काय बोलतील सांगता येत नाही. त्यांना म्हण, तुझी तब्येत बरी नाही. हे सगळं आटोपलं की मी नंतर येऊन जाईन. आई? ऐकतेयस ना?"

सूर्यभानने आशाबाईकडे पाहिलं. ती डाळीच्या डब्याशी बसून सांडलेले दाणे वेचत होती, जणू तेवढंच काम जगात उरलं होतं.

"बाबा बोलून राहिलो," तो म्हणाला.

त्याने फोनला चिकटलेले डाळीचे दाणे बोटाने झटकले.

"बरं झालं फोन केला. गाडीतून आवाज येऊन राहिला रे. तीन दिवस झाले, सापडत नाही. एवढ्या लांब आणणं बरं नाही. आमचं यायचं नाही जमत."

कुलदीपने श्वास सोडला. एसटीच्या ब्रेकची हवा सुटावी तसा. या आवाजाचं निदान करायला सूर्यभानला कोणाला बोलवावं लागलं नाही.

"अरे... हो का? मग राहू द्या, बाबा. रिस्क नको. नीट दुरुस्त करून घ्या. घाई करू नका."

"नाही करत," सूर्यभान म्हणाला आणि फोन आशाबाईच्या हातात दिला.

शेषरावने सगळं सामान परत जागच्या जागी बसवलं. परतताना बोरगाव मागे पडल्यावर सूर्यभानने विचारलं,

"रविवारपासून माहीत होतं तुले?"

"हो."

"मंग कावून नाही सांगतलं?"

"तुमी मागं पाटी रंगवून राहिले होते," आशाबाई म्हणाली. "ब्रश हातात होता तुमच्या. मी दोनदा येऊन उभी राहिली."

रविवारी बस अंगणातच होती. आशाबाईने बसमधल्या शेगडीवर त्या डाळीचं वरण केलं, अंगणात गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले, आणि दोघं आत पलंगावर जेवायला बसले. धर्मेंद्र दारातून डोकावला.

"काका, आवाज कायचा निघाला?"

"डाळीत खडा होता. बस, जेवून जाय."

आशाबाईने फोनची घंटी पुन्हा मोठी करून तो फ्रिजवर ठेवला होता. सूर्यभानने पुठ्ठा समोर घेतला. नऊ दहा झाले. एक पंधरा झाले. धर्मेंद्र जेवून गेला, ऊन उतरलं, आणि सहा चाळीसही झाले. त्याने फ्रिजला कान लावून पाहिलं. कसलाही आवाज नव्हता. चौतीस वर्षांत इतकी पक्की दुरुस्ती त्याच्या हातून झाली नव्हती.