सरडोबाचं पिल्लू आणि अकरा पेशंट

"तीन नंबर!" दाताच्या डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा हाक मारली. बाहेर अकरा पेशंट खेटून बसले होते, पण एकानेही मान वळवली नाही.

तीन नंबरच्या काकांचा गाल टम्म सुजला होता. भिंतीवरच्या टीव्हीवरची नजर न काढता ते म्हणाले, "चार नंबरला घ्या. मला कसली घाई नाही."

चार नंबरच्या शिक्षिका काल फोनवर अक्षरशः रडल्या होत्या. "माझं आता बरंच कमी आहे," त्यांनी नंबर पुढे ढकलला. पाच नंबरने झोपेचं सोंग घेतलं, पण एक डोळा उघडा ठेवून.

बाईंनी टीव्हीकडे पाहिलं. तिथे दात कसे घासावेत ते दाखवणारी फिल्म असायची. आज एक अवाढव्य सरडा पूल चावत होता.

"बाबा! हे काय लावलंय?"

सासरे निवृत्त झाल्यापासून क्लिनिकचं काउंटर सांभाळत. "सरडोबा, भाग दुसरा! तुझ्या फिल्मला लोक कंटाळलेत गं. तेच तेच घासणं किती बघायचं?"

"आणि चाळीस वर्षांपूर्वीचा सरडा चालतो? त्याच्या पाठीवरची चेन दिसतेय!"

"दिसू दे. पहिल्या भागात तो नुसती मोडतोड करतो. यात त्याचं पिल्लू हरवलंय."

"हरवलंय हो," शिक्षिका डोळे पुसत म्हणाल्या.

बाईंनी कपाळावर हात मारला आणि काकांना दंडाला धरून आत नेलं. खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं, बोटाने दाढ चाचपली. तेवढ्यात बाहेर सरडोबाने डरकाळी फोडली. काका दचकले आणि त्यांचं तोंड मिटलं. बाईंचं बोट आतच होतं.

"आई गं!"

"सॉरी हं," काका खुर्चीतून उतरत म्हणाले, "पण सापडलं वाटतं पिल्लू!" आणि ते चक्क बाहेर पळाले.

आता मात्र बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्या तरातरा बाहेर आल्या आणि त्यांनी टीव्हीची वायरच उपटली.

पडदा काळा झाला. मग काकांनी गाल धरला. शिक्षिका कण्हू लागल्या. दीड तास गप्प असलेल्या अकरा दाढा एकदम ठणकायला लागल्या.

"आधी मला घ्या!"

"तुम्हाला कसं? तुमचा नंबर तुम्ही मला दिलात!"

"मी तो यांना दिला, यांनी त्या आजींना दिला!"

"मला कुणी काही दिलेलं नाही," आजी ठामपणे म्हणाल्या, "पण पहिली मीच जाणार."

नंबर इतक्या वेळा हातोहात फिरले होते, की कोण कितवा हे कुणालाच सांगता येईना. आवाज चढले. कुणीतरी कुणाची तरी पिशवी लाथाडली. बाबा वही घेऊन टेबलामागे दडले.

बाईंनी सुजलेल्या बोटावर फुंकर घातली आणि निमूटपणे वायर पुन्हा लावली.

पडद्यावर समुद्र खवळला होता. तोफा रोखलेल्या, पलीकडच्या खडकावर पिल्लू केविलवाणं ओरडत होतं. भांडण जागच्या जागी थिजलं. सगळे खाली बसले आणि हळूहळू सगळ्यांची तोंडं उघडली. एरवी "अजून मोठं, अजून मोठं" म्हणून बाईंचा घसा बसायचा. आज न सांगता पार पडजीभ दिसत होती.

बाई आत गेल्या, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन आल्या आणि रांगेने निघाल्या. काका, खालची अक्कलदाढ. शिक्षिका, भरलेली चांदी निघालीय. आजी, कवळी सैल. कुणी हूं की चूं केलं नाही. फक्त आरसा पडद्यासमोर आला, की पेशंट मान तेवढी बाजूला करत.

शेवटी त्या टेबलापाशी आल्या. टेबलामागून बाबांनीही तोंडाचा आ वासला होता. बाईंनी सवयीने टॉर्च मारला आणि त्या थबकल्याच.

"बाबा! तीन दाढा किडल्यात! मला का नाही सांगितलंत?"

"श्श्," बाबा पडद्याकडे बघतच पुटपुटले, "तुझी भीती वाटते गं."