टोचायचा राहिलेला कचरू

चार मैलांच्या शर्यतीत मीच पहिला येणार, असं मी बायकोला सांगून बसलो. शालूने ते गल्लीभर केलं, त्यामुळे माघार घ्यायला जागा उरली नाही. शर्यत सव्वीस जानेवारीला बुलढाण्यात होती. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झालेली, ज्याच्या त्याच्या अंगात काही ना काही संचारलेलं. माझ्या पायांत संचारलं! पण सरावाला वेळ कुठून आणणार? नोकरी गावोगाव फिरून देवीची लस टोचण्याची, आणि वाट्याला आलेलं गाव बीबी.

मग मी डोकं चालवलं. सकाळी बीबीच्या शिवारात धावायचं, घाम पुसायचा आणि तिथूनच कामाला लागायचं. सरावही झाला, नोकरीही झाली. एवढी सोपी युक्ती आजवर खात्यात कुणाला कशी सुचली नाही, याचं मला नवल वाटलं.

आपल्याकडे मोठा माणूस उगीच धावत नाही. बैल सुटला किंवा गंजीला आग लागली तरच धावतो. त्यात लस टोचणारा अर्ध्या चड्डीत धावत येतोय म्हटल्यावर गावानं सरळ अर्थ काढला, की सरकारनं आता धरून टोचायचा हुकूम सोडला. दिवस कापूस वेचणीचे. लस घेतली की दंड सुजतो, ताप येतो, वेचणी बुडते. मी वेशीवर पोचेस्तोवर अख्खं गाव कपाशीत शिरलेलं असायचं.

गोजरबाई नावाची म्हातारी तर नातवाला काखेत मारून नाल्यापलीकडे गेली. मी अलीकडून ओरडलो, की आजी, मी नुसताच पळून राह्यलो.

"मंग मीबी नुसतीच पळून राह्यली," ती म्हणाली.

टोचणी होईना म्हणून खात्याच्या साहेबांनी बोलावून घेतलं. बीबी पूर्ण झाल्याशिवाय सुट्टी नाही आणि शर्यतही नाही, असं स्पष्ट सांगितलं. गल्लीला काय तोंड दाखवणार? शेवटी ठरवलं, पळतात तर पळू देत, आपण मागे लागायचं. दमून बांधावर टेकले की शेजारी बसायचं, पाणी द्यायचं, समजूत घालायची. असा सराव जिल्ह्यात कुणाचा झाला नसेल. हळूहळू गाव टोचून होत आलं. गोजरबाईनं सगळ्यांत जास्त पळवलं, पण अखेर नातवाचा आणि मग स्वतःचाही दंड पुढे केला.

राहिला एकटा कचरू. तो लांबून दिसायचा, पण हाती कधी लागलाच नाही, आणि एक दिवस गावातूनच नाहीसा झाला. त्याची बायको बेबीताई म्हणाली, गावाला गेले. कोणत्या गावाला, ते म्हणे तिलाही सांगितलं नव्हतं. एकासाठी साहेबांनी नाक मुरडलं, पण सुट्टी दिली.

शर्यतीत शेवटच्या मैलाला मी सगळ्यांच्या पुढे होतो. मागे पंधरा-वीस जण, सगळे अर्ध्या चड्डीत. वळणावर एका ओट्यावर कुणीतरी ऊन खात बसलं होतं. तो कचरू! बुलढाण्याला बहिणीकडे येऊन लपला होता. त्यानं मला पाहिलं, माझ्या मागची रांग पाहिली. सगळं खातंच आपल्यामागे आलं, असं त्याला वाटलं असणार. तो उठला आणि पळाला, नेमका मैदानाच्या दिशेनं.

"कचरू, थांब बे!" मी ओरडलो. तसा तो जास्तच जोरात सुटला.

फीत त्यानंच तोडली. पाहुण्यांनी हार घातला, कप हातात दिला. मी धापा टाकत सांगितलं, की या माणसानं शर्यतीला नावच दिलेलं नाही. पंच बराच वेळ कुजबुजले. घातलेला हार सणाच्या दिवशी उतरवणं बरं दिसत नाही, असा त्यांनी निकाल दिला. मला खूप राग आला.

साहेब तिथंच होते. त्यांनी जीपमधून लस मागवली. कचरूनं एकदा मैदानाच्या फाटकाकडे पाहिलं, एकदा हातातल्या कपाकडे.

"टोचा," तो म्हणाला. "पन डाव्या हाताले. उजव्यानं घरवालीले कप दाखवाचा हाय."

मी त्याच्या डाव्या दंडावर टोचलं.

घरी पोचलो तर शालू दारात, आणि तिच्या मागे सगळी गल्ली.

"पयले आले न?"

"बीबीत आता टोचाचा एकही मानूस राह्यला नाही," मी म्हणालो.

शालू गल्लीकडे वळली.

"दुसरे आले," तिनं सांगितलं.